अकरा फुल्या

सिल्वासात समुद्र नाही. नोकरीच्या काळात हे मला जितक्या लोकांनी ऐकवलं, तितक्यांनी मला कधी नमस्कारही केला नसेल. "मॅडम, समुद्र दमणला. वादळ आलंच तर तिकडे येणार. आम्हाला कशाला त्रास देता?" मी मूळची देवगडची. माझा जन्मच समुद्राच्या आवाजात झालेला. समुद्र कुठे आहे नि कुठे नाही हे मला शिकवणाऱ्यांचा मला भारी राग यायचा. पण सरकारी खुर्चीत बसून राग दाखवता येत नाही, म्हणून मी फोन ठेवायचे आणि पुढचा उचलायचे.

मी इथल्या प्रशासनाच्या आपत्ती कक्षात होते. नाव भारदस्त, खोली एवढीशी. तीन फोन, एक वायरलेस, भिंतीवर नकाशा आणि पावसाळ्यात हमखास गळणारा एक कोपरा. त्या कोपऱ्याखाली बादली ठेवून आम्ही अख्ख्या प्रदेशाला पावसापासून सावध करायचो! काम म्हणाल तर सोपं. हवामान खात्याचा निरोप आला की तो गावोगाव पोचवायचा, नदीची पातळी लिहायची, आणि वेळ आली की सखल भागातली माणसं उठवून वर न्यायची. सोपं ते एवढंच. माणूस उठवणं काय असतं, ते उठवायला गेल्याशिवाय कळत नाही.

किलवणीच्या एक आजी दर वादळाला फोन करायच्या. "बेन, वावाझोडू नक्की येणार ना? नाय म्हणजे पापड वाळत घालू का नको?" मी म्हणायचे, "नका घालू." त्या घालायच्याच. आणि वादळ दुसरीकडे वळलं की पुन्हा फोन, "बघ, वाळले माझे!"

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट माहीत नसते, ती आधी सांगते. वादळाची इयत्ता ठरते ती वाऱ्याच्या वेगावर. वारा जास्त, इयत्ता वरची, टीव्हीवर आरडाओरडा जास्त. पण माणसं नेहमी वाऱ्याने मरतात असं नाही. जोरात धावणारं वादळ येतं, पत्रे उडवतं, झाडं पाडतं आणि निघून जातं. त्यापेक्षा जमिनीवर येऊन दमलेलं, वारा संपलेलं, पण ढग तसेच घेऊन बसलेलं वादळ वाईट. ते हलतच नाही. जमीन आधीच भिजलेली, वर डोंगरात पाऊस कोसळतोय, धरण भरलेलं. मग दरवाजे उघडावे लागतात, दमणगंगा चढते, आणि नदी चढली की तिला मिळणाऱ्या नाल्यांना जायला वाट राहत नाही. नाल्याचं पाणी मागे फिरतं. वर पाऊस थांबलेला असतो आणि खालून घरात पाणी येतं. त्यातून कितीजण जातील हे ठरतं ते पाणी येईल तिथे कोण राहतं आणि त्याला वेळेवर कळतं का, यावर.

हे सगळं मला पाठ होतं. लोकांना समजावून सांगायचे. तरीही माझ्या हातून जे झालं ते झालंच.

त्याच्या काही वर्षं आधी एक मोठ्या इयत्तेचं वादळ आलं होतं. टीव्हीवाले तर किनाऱ्यावर पाय रोवून उभे. आम्ही रांधा गावातली खालची घरं रिकामी केली, माणसं शाळेत आणून बसवली, खिचडी शिजवली. वारा आला, चार झाडं आणि दोन पत्रे घेऊन गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सकाळी एका बाईने मला सगळ्यांसमोर झापलं, "माझ्या कोंबड्या कुत्र्याने नेल्या. वादळाने नाही नेल्या, तू नेल्यास!" मी हसून घेतलं. पण त्यानंतर लोक उठायला जास्त वेळ लावू लागले, आणि मी घाई करू लागले. घाईतून मी माझी एक पद्धत काढली. वस्तीत शिरताना हातात खडू. माणसं निघाली की दारावर गोल. कुलूप असलं की फुली, म्हणजे घर रिकामंच आहे, पुढे चला. शेवटी गोल नि फुल्या मोजल्या की हिशेब पुरा. साहेबांना ती पद्धत इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या पथकांना शिकवायला लावली. मी मिरवत शिकवली.

आता त्या दिवसाचं सांगते.

रात्री वादळ गुजरातच्या किनाऱ्याला लागलं आणि सकाळपर्यंत त्याचा दम गेला. निरोप आला, वादळ कमजोर झालंय. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कारखाने आठच्या पाळीला सुरू झाले. पाऊस मात्र पडतच होता. अकराच्या सुमाराला दुसरा निरोप: धरणातून पाणी सोडतायत, दोनपर्यंत नदीकाठ आणि नाल्याकाठ रिकामा करा.

मी नरोलीला निघाले. बरोबर पंचायतीचा जयेश आणि तीन होमगार्ड. जयेश तिथलाच, तिथले सगळे नाले, गल्ल्या, कुत्रीसुद्धा ओळखणारा. नाल्याच्या काठाला गमनभाईची चाळ होती, पत्र्याच्या बेचाळीस खोल्या, समोरासमोर दोन ओळी. सगळे भाडेकरू कारखान्यांतले, निम्मे खानदेशातले, बाकी बिहार-यूपीचे. मी पूर्वी त्यांना विचारायचे, "अरे, नाल्याच्या तोंडाशी राहायची हौस आहे का?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "ताई, पाळी सुटली की दहा मिनिटांत अंथरुणावर. वर राहायला गेलो तर तासभर चालत यायचं." बारा तास यंत्रापुढे उभं राहिलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

भोंग्यावर हिंदी, मराठी, गुजराती, तिन्ही भाषांतून ओरडत आम्ही शिरलो. पत्र्यावर पाऊस असा ताशा वाजवत होता की मलाच माझं बोलणं ऐकू येईना. बायका-मुलं निघाली, पोटल्या बांधल्या, कुणी गॅसची टाकी उचलली, कुणी टीव्ही. गोल, गोल, फुली, गोल. नाल्याकडच्या टोकाला गेले तर ओळीने कुलपं. दिवसपाळीचे लोक कामावर गेलेत, बरं झालं, तेवढी माणसं कमी. मी फुल्या मारत गेले. डायरीत लिहिलं, एकूण फुल्या अकरा. दीडला मी फोनवर सांगितलं, "चाळ रिकामी."

लोकांना वरच्या शाळेत बसवलं. पातेल्यात चहा उकळत होता. तेवढ्यात एका कारखान्याची वीज गेली म्हणून सोडलेली पोरं भिजत शाळेत आली, चाळ रिकामी केली हे ऐकून. त्यातला एक थेट माझ्यासमोर. पंचविशीचा, अंगावर सुताचा भुगा चिकटलेला. नाव सुनील, शिरपूरकडचा.

"ताई, मन्हा भाऊ कुठे शे?"

"इथेच असेल. नाव सांग."

"भटू. इथे नही शे. मी सगळं पाहिलं."

"मग कामावर असेल."

"तो रातपाळीला असतो. दिवसा झोपतो." त्याने खिशातून किल्ली काढली, माझ्यापुढे धरली. "ताई, भाऊ मझार शे. कुलूप मीच लायं."

मझार, म्हणजे आत. त्या चाळीत एका खोलीत दोन पाळ्या राहतात. दिवसवाला उठतो, रातवाला त्याच अंथरुणावर पडतो. मोबाइलचे चोर फिरतात, आतली कडी कधीच धड नसते, आणि झोपलेल्याला कुणी उठवू नये म्हणून जाणारा बाहेरून कुलूप लावून जातो. संध्याकाळी येऊन उघडतो. सगळी चाळ वर्षानुवर्षं असंच करत आली होती. मी त्या चाळीत दर पावसाळ्यात जात होते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

एक भटूच नव्हे. माझ्या डायरीत अकरा फुल्या होत्या.

"जयेश, पहार घे! दोर घे!"

आम्ही जीपमधून उतरलो तेव्हा पाऊस जवळजवळ थांबला होता. आणि जयेश ओरडला, "मॅडम, देखो, नाला उलटा चाललाय!" खरंच. कचरा, चपला, प्लास्टिकचे पिंप, सगळं नदीकडून वस्तीकडे येत होतं, सावकाश, आवाज न करता. चाळीच्या वरच्या टोकाला पाणी गुडघ्याला होतं, नाल्याकडच्या टोकाला दारं अर्ध्याहून जास्त बुडालेली. विजेचा प्रवाह आधीच तोडलेला, एवढंच नशीब. होमगार्ड वरच्या कुलपांवर तुटून पडले. कोयंडे मोडत होते, आतून माणसं निघत होती. कुणी शिव्या घालत, कुणी नुसतं बघत. चार खोल्यांतून सहाजण निघाले. बाकी खरोखरच रिकाम्या होत्या.

राहिली शेवटची, नाल्याला लागून, सगळ्यांत खोलगट, चौकटीपर्यंत बुडालेली. भटूची.

जयेश आणि सुनील दोर धरून पुढे गेले. मी खांबाला दोराची गाठ धरून उभी, पाणी कमरेपर्यंत. कुलूप पाण्याखाली गेलेलं. सुनीलने श्वास घेतला, खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. किल्ली हातातून सुटली होती.

"भटूऽऽ! भटू रेऽऽ!"

आतून उत्तर नाही. मग पत्र्यावर ठक. पुन्हा ठक ठक, वरच्या बाजूने. तो आत पोटमाळ्यावर चढला होता आणि डोकं पत्र्याला टेकलेलं.

पहार कोयंड्याला लागेना, पाण्यात जोरच बसत नव्हता. जयेश म्हणाला, "छत!" तो शेजारच्या भिंतीवरून वर चढला. पत्रे हुकाने आवळलेले, वर दगड ठेवलेले. आयुष्यभर आम्ही बोंबलत आलो की वादळात पत्रे उडतात, दगड ठेवा, हूक आवळा. या एका चाळीने आमचं ऐकलं होतं! जयेश पहार घालतोय, शिव्या घालतोय, आणि पत्रा जाम हलत नाही. खालून ठक ठक कमी कमी होत चाललेलं. सुनील माझ्याकडे बघून ओरडत होता, "ताई, काहीतरी करा ना!" मी काय करणार होते? मी दोर धरून होते. देवगडच्या देवापासून सिल्वासाच्या देवापर्यंत सगळ्यांना हाका मारत होते.

एक हूक तुटला. दुसरा वाकला. पत्र्याचा कोपरा वीतभर उचलला आणि त्यातून हात आला. फक्त हात, बोटं पांढरी पडलेली. सुनीलने वर चढून तो धरला. मग दोघांनी मिळून पत्रा वाकवला आणि भटूला ओढून काढलं, पाठ सोलवटून. छतावर पडल्या पडल्या तो गढूळ पाणी ओकला. मग त्याने डोळे उघडून सुनीलकडे पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, थकलाय.

भटू आठ दिवस इस्पितळात होता, छातीत घाण पाणी गेलेलं. जगला. आमच्या पथकाचं कौतुक झालं. कमजोर म्हणून सोडून दिलेल्या वादळात एकही माणूस गेला नाही म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. मला अहवाल लिहायला सांगितला.

आणि मी लिहिलं: "सोबतच्या रहिवाशाने बाहेरून कुलूप लावल्याने सदर इसम आत अडकला." वाक्य खरं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त त्या कुलपासमोर उभी राहून, दारावर एक थापही न मारता, फुली ओढून पुढे गेलेली बाई त्या वाक्यात नव्हती. पाण्याने खडू धुऊन गेला होता. जयेशने पाहिलं होतं, पण जयेश माझा माणूस, तो काही बोलला नाही. मीही बोलले नाही. निवृत्तीला सात महिने राहिले होते. कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात हेच होतं म्हणून सांगते.

ते वाक्य कागदावरून चाळीत गेलं, चाळीतून शिरपूरकडे. गावात झालं की सुनीलने सख्ख्या भावाला कोंडलं. भटूने खोली बदलली. भाऊ एकाच गावात, एकाच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांत, आणि एकमेकांशी शब्द नाही. हे मला कळलं ते त्यांच्या आईकडून. मी निवृत्त झाल्यावर त्या माझं घर शोधत आल्या. साठीच्या, नऊवारी, पायांत रबरी चपला. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही मोठ्या पोराचा जीव वाचवला. आता लहान्याचा वाचवा. तो जेवत नाही धड. म्हणतो, मीच मारला असता. तुम्ही सरकारी माणूस, तुमचं भटू ऐकेल."

त्या माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले. लाज वाटली, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तेव्हाही त्यांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हणाले, "जाते मी भटूकडे."

रविवारी गेले. भटू नरोलीतच वरच्या बाजूला राहत होता, खोलीचं दार सताड उघडं. आता तो दार लावून झोपत नाही, शेजाऱ्याने सांगितलं. मला बघून उठला, स्टूल दिलं, चहा मागवू लागला.

"चहा नको. आधी ऐक," मी म्हटलं. "त्या दिवशी तुझ्या दारासमोर मी आले होते. साडेबारा-पाऊणला. कुलूप बघितलं. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. खडूने फुली मारली आणि तुझी खोली रिकामी म्हणून लिहून टाकलं. सुनीलने कुलूप लावलं तुला झोपू द्यायला. मी दर पावसाळ्यात त्या चाळीत येणारी बाई, मला विचारायला हवं होतं. चूक माझी. आणि कागदावर मी ती त्याच्या नावावर टाकली."

सगळं एका दमात बोलले. मग त्याच्या शिव्यांची वाट बघत बसले. हक्क होता त्याचा.

भटू खाली बघत होता. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या हातात भोंगा होता ना?"

"हो."

"पंखा बंद पडला म्हणून मला जाग आली होती. भोंगा ऐकला, पण पावसात शब्द कळेनात. कोणीतरी दारापाशी आलं तेही ऐकलं. अंथरूण दाराला लागूनच, खडूचा आवाजसुद्धा ऐकला मी."

"मग ओरडला का नाहीस?"

"गमनभाईने सगळ्यांना सांगून ठेवलंय. सरकारी माणसं आली की आवाज करायचा नाही. खोलीत दोघांची नोंद, राहतो आम्ही पाच. कळलं तर खोली जाते. मला वाटलं मोजणीवाले आलेत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "गपचूप पडून राहिलो. तुम्ही पुढे गेल्यावर बरं वाटलं मला. परत डोळा लागला, उठलो तेव्हा पाणी अंथरुणात."

"आणि हे सुनीलला..."

"नाही सांगितलं. कोणालाच नाही. सगळे म्हणाले लहान्याने कोंडलं, मी म्हणू दिलं." त्याने उघड्या दाराकडे बघितलं. "काय सांगणार? की मी स्वतःच्या पायाने मरत होतो म्हणून?"

आम्ही दोघं. एक जण साठीची, एक तिशीचा, आणि ज्याने फक्त भावाची झोप मोडू नये म्हणून कुलूप लावलं होतं, त्याच्या माथी दोघांनी मिळून सगळं मारलेलं. मला भटूचा राग यायला हवा होता. कसा येणार?

मी पर्समधून फोन काढला. "नंबर सांग. मी बोलते त्याच्याशी, माझं सांगते."

त्याने नंबर सांगितला, तोंडपाठ. मी लावला. दोन रिंग झाल्या आणि त्याने हात पुढे केला. "द्या. आधी मी."

मी फोन दिला. स्पीकर चालूच राहिला होता, बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"हॅलो? कोन?" सुनीलचा आवाज.

"सुन्या, मी भटू." तो थांबला. "तुन्ही काही चूक नही रे. त्या दिन मी जागा व्हतू."

पलीकडे कारखान्याचा घुंई आवाज येत होता. तो कमी झाला, सुनील बाहेर चालत आला असावा. मला वाटलं, ठेवतो आता फोन.

"तुन्ही आज कोनती पाळी शे?" सुनीलने विचारलं.

"सुट्टी शे."

"मी सुटस आठला," तो म्हणाला. "येस मग तुन्हाकडे."